मुरमाड रानात पैसा घालू का?

आटपाडी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील काढून ते थोडक्यात देते.

घरची ७ एकर कोरडवाहू जमीन. ओढ्याकडची ३ एकर मध्यम काळी, वरची ४ एकर उताराची, मुरमाड. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला तमिळनाडूत, वर्षातून दोनदा घरी येतो. घरात सासू-सासरे, दोन शाळकरी मुलं, एक गाय, चार शेळ्या. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. धाकटे दीर विट्याला असतात, वाटणी झालेली नाही. रानात राबणाऱ्या या एकट्याच. नवऱ्याने साठवलेले ४ लाख रुपये हाताशी आहेत आणि त्यावरून घरात चार मतं आहेत. नवरा म्हणतो, मुरमाड विकू, त्यात हे पैसे घालू आणि विट्यात प्लॉट घेऊ. दीर म्हणतात, बोअर मारू आणि डाळिंब लावू. सासरे म्हणतात, टेंभू उपसा योजनेचं पाणी आज ना उद्या वर येईल, तोवर थांबा. ताईंना स्वतःला मातीचं काम करायचं आहे. त्या लिहितात, “माझं लग्न झालं तेव्हा त्या रानात बाजरी व्हायची. आता पेरलेलं बीसुद्धा निघत नाही. सगळे म्हणतात, ही जमीन मेली, हिच्यात पैसा घालणं म्हणजे ओढ्यात टाकणं. खरंच मेलेली जमीन परत उठते का? किती वर्षं लागतात? आणि मी एकटी बाई हे करू शकेन का?”

ताई,

तुमची जमीन मेलेली नाही. ती वाहून गेली आहे, आणि अजूनही जाते आहे. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, कारण वाहून जाणं थांबवता येतं.

गावातल्यांच्या म्हणण्यावर विसंबू नका आणि माझ्याही नको. रानातच पाहा. येत्या पावसाळ्यात पहिला जोराचा पाऊस होईल तेव्हा घोंगडी घेऊन मुरमाडाच्या खालच्या बांधाला जा. पाणी कुठून बाहेर पडतं ते पाहा आणि तिथलं गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरून घरी आणा. रात्रभर बाटली हलवू नका. सकाळी तळाशी जो थर बसलेला दिसेल, ती तुमची बाजरी पिकवणारी माती. वरची काळपट, बारीक माती आधी जाते आणि खडे मागे राहतात. वीस वर्षं हेच चाललं की माणसाला वाटतं, जमीन मेली.

दुसरी पारखही घरीच करा. मुरमाडातलं एक वाळलेलं ढेकूळ आणि जुन्या बांधाखालचं, जिथे वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजलाय तिथलं एक ढेकूळ, दोन पेल्यांत पाण्यात सोडा. एक लगेच विरून खाली बसेल, दुसरं बराच वेळ धरून राहील. तुमच्याच शिवारातली ही दोन ढेकळं आहेत. बांधाखालची माती जशी झाली, तशी बाकीचीही होऊ शकते. मात्र त्याला वेळ लागतो आणि क्रम पाळावा लागतो.

घरातल्या बाकी तिन्ही मतांखाली एकच समजूत आहे: आधी पाणी आणायचं, मग जमीन पाहायची. नवऱ्याला वाटतं पाणी येणारच नाही, दिरांना वाटतं ते जमिनीखाली आहे, सासऱ्यांना वाटतं ते कालव्यातून येईल. वरून पडणाऱ्या पाण्याचा हिशोब कुणीच केलेला नाही. तो करू या. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे ४ हजार लिटर पाणी. माणदेशात वर्षाला ४०० मिलिमीटर पडला असं धरलं, तर एकरी १६ लाख लिटर झाले. तुमच्या ४ एकर मुरमाडावर ६४ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ६४० टँकर. दुष्काळी म्हणवणाऱ्या वर्षातही यातला काही वाटा पडतोच. आज त्यातलं बरंचसं तासाभरात ओढ्याला लागतं आणि जाताना माती घेऊन जातं.

पूर्वी हे इतकं जाणवत नव्हतं, कारण पाऊस थोडा थोडा, जास्त दिवसांत पडायचा. आता मधले खंड लांबले आहेत आणि पडतो तेव्हा कोसळतो. २०२३चा ऑगस्ट देशभरात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबरात, सीना नदीच्या पुराने सोलापूरच्या दुष्काळी गावांत शेतं खरवडून नेली. आपल्या भागात मुळातच सप्टेंबरचा पाऊस मोठा. तेव्हा बाजरी निघालेली असते, ज्वारी पेरायची असते आणि रान उघडं असतं. उघड्या, उताराच्या रानावर मोठा पाऊस पडणं, याहून वाईट मातीला काही नाही. हवामान आपल्या हातात नाही, पण त्या दिवशी रान उघडं असावं की झाकलेलं, चढ-उतार नांगरलेलं असावं की आडवं, हे आपल्याच हातात आहे.

आता घरातली मतं एकेक करून पाहू. प्रत्येकात काही तथ्य आहे.

दिरांचं डाळिंब. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत डाळिंब येतं हे खरं आहे, आणि आटपाडी-सांगोल्यात त्यावर घरं उभी राहिली हेही खरं. पण कमी पाण्यावर येणारं झाड बिनपाण्याचं नसतं. आपल्याकडचा काळा खडक सच्छिद्र नाही. त्याच्या वरच्या मुरमात आणि भेगांत जेवढं पाणी मुरतं तेवढंच बोअरला मिळतं. जिथून पाणी मुरायचं ते तुमचं माळरान आज पाणी मुरू देत नाही, मग खालून उपसायचं काय? शेजाऱ्याच्या बोअरला लागलं म्हणून आपल्याला लागेल असंही नाही. वर तेल्या, मर हे रोग आणि खोडाला भोकं पाडणारी कीड यांमुळे गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात किती बागा उपटल्या गेल्या, ते दिरांनाही माहीत असेल. डाळिंब वाईट नाही. पण सगळी पुंजी बोअरच्या एका भोकात घालून त्यावर बाग उभी करणं तुमच्या घराला झेपणारं नाही. नवरा लांब, सासरे थकलेले. फवारणीच्या मागे रोज कोण धावणार? हे कामही तुमच्याच अंगावर येणार, आणि हे दिरांनी ठरवताना धरलेलं दिसत नाही.

सासऱ्यांचं टेंभू. या पाण्यासाठी माणदेशानं किती वर्षं मोर्चे काढले, परिषदा भरवल्या, हे त्यांच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या आशेला कुणी नावं ठेवू नयेत. पण त्यांना एवढंच विचारा: उद्या पाणी वर आलं तर ते या मुरमात टिकेल का? माती नसलेल्या उतारावर पाट सोडला तर उरलीसुरली मातीही जाईल. कालवा येवो न येवो, बांध लागणारच आहेत. या मुद्द्यावर सासरे तुमच्या बाजूला येतील असं मला वाटतं, कारण बांधाची किंमत त्यांच्या वयाच्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही.

नवऱ्याचा प्लॉट. त्यांना मी दोष देणार नाही. परमुलखात भट्टीपुढे उभं राहून साठवलेला पैसा डोळ्यांना दिसेल अशा जागी असावा, हे साहजिक आहे. मात्र दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवा. मुरमाड आज विकलं तर पडेल भावाने जाईल. आणि वरचा भाग विकला की तुमच्या ३ एकर काळीचं भवितव्य दुसऱ्याच्या हाती जातं. वरच्या मालकाने उद्या जेसीबी घालून रान सपाट केलं, तर तिथलं पाणी आणि दगडगोटे तुमच्या काळीत उतरतील. वरचं आणि खालचं रान एकच आहे.

राहिलं तुमचं मत. दिशा बरोबर आहे. ७२च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची ४० एकर उजाड जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याखाली विहीर काढली आणि ती जमीन पिकती करून दाखवली. पाणी पंचायत ही चळवळ तिथूनच उभी राहिली. माणशी पाणी द्यायचं, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, असे तिचे नियम होते. हिवरे बाजारनंही पाणलोटाच्या कामासोबत शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई केली, आणि म्हणून मुरलेलं पाणी टिकलं. पण ही कामं माथ्यापासून पायथ्यापर्यंत झाली, अनेक हातांनी झाली आणि वर्षानुवर्षं चालली. ४ लाखांत ४ एकर एका उन्हाळ्यात उभं करू असं तुमच्या मनात असेल, तर मी थांबा म्हणेन.

माझा सल्ला असा की चारही एकरांवर एकदम हात घालू नका, आणि पहिला पैसा मुरमात तर नकोच. तो खालच्या काळीत घाला, कारण घर तिच्यावर चालतं. आणि तो पैसा फार लागतही नाही. श्रावण-भाद्रपदात, ज्वारी पेरायच्या आधी, त्या ३ एकरांत बंदिस्त वाफे पाडा. बैलाच्या किंवा ट्रॅक्टरच्या सारायंत्राने उभे-आडवे वरंबे टाकले की साधारण वीस-तीस फुटांचे चौकोन तयार होतात. सप्टेंबरचा पाऊस त्यांत कोंडला जातो आणि पडल्या जागी मुरतो. सोलापुरात १९३३पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे, त्यातून आलेल्या शिफारशींपैकी ही सगळ्यात स्वस्त. पुढे ज्वारीला वेळेवर कोळपण्या द्या, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. पोटरीत, म्हणजे कणीस पोटात धरून, असताना एखादं पाणी देता आलं तर सोनंच, पण त्यासाठी कर्ज काढू नका.

मग माथ्याकडे चला. मुरमाडातला सगळ्यात वरचा, चढाचा जो एकरभर भाग असेल, तिथे पेरणी बंद करा. हे जिवावर येईल, पण त्या एकरात पेरलेलं बीही निघत नाही असं तुम्हीच लिहिलंय. तिथे समतल चर काढा, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाका आणि तिच्यावर मारवेल, पवना ही गवतं आणि स्टायलो हा शेंगवर्गीय चारा लावा. पहिली दोन वर्षं शेळ्या तिथे सोडायच्या नाहीत, गवत कापून आणायचं. याच भागात पुढे सीताफळ, बोर, आवळा बसतो.

चर किंवा बांध डोळ्यांच्या अंदाजाने काढू नका. उतार डोळ्याला फसवतो, आणि रेघ जरा तिरकी गेली की सगळं पाणी एका टोकाला जमून बांध फोडतं. ए-फ्रेम, म्हणजे समपातळी दाखवणारा बांबूचा तिकोना, घरी करता येते. सात-आठ फुटांचे दोन बांबू वर बांधायचे, पाय फाकवायचे, मधोमध एक आडवा बांबू बांधायचा आणि वरच्या टोकाला दोरीनं दगड टांगायचा. सपाट जागी उभी केल्यावर दोरी आडव्या बांबूला जिथे लागते तिथे खूण करायची. मग दोन्ही पायांची जागा अदलाबदल करून दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तुमची पातळी. आता एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा, दोरी मधल्या खुणेवर आली की तिथे फक्कीची चिमूट टाकायची आणि पुढे सरकायचं. थोरल्या मुलाला बरोबर घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं मिळून ४ एकराच्या रेघा आखू शकाल.

उरलेल्या ३ एकर मुरमाडात त्याच रेघांवर बांध घाला. रानातले दगडगोटे वेचून रचले तरी चालतील. प्रत्येक बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, ठेवा, दगडांनी नीट बांधलेला. सांडवा नसलेला बांध मोठ्या पावसात फुटतो, आणि फुटलेला बांध नसलेल्या बांधाहून जास्त माती नेतो. वरच्या शेतकऱ्याचं पाणी तुमच्या रानात उतरत असेल तर त्यांच्याशी आधी बोला. ते पाणी अडवायचं नाही, सांडव्या-सांडव्यांनी पायऱ्या उतरल्यासारखं खाली न्यायचं. यापुढे नांगरट आणि पेरणी उताराला आडवी. ट्रॅक्टरवाला उभंच मारतो, कारण वळणं कमी पडतात आणि डिझेल वाचतं. त्याला थोडे पैसे जास्त द्या, पण स्वतः रानात उभ्या राहून आडवं मारून घ्या. खोल नांगरटही दरवर्षी नको, खालचा मुरूम वर येतो. बांधांच्या मधल्या पट्ट्यांत मटकी, हुलगा यांसारखी पसरणारी पिकं घ्या, जिथे माती जरा बरी तिथे बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक. तुरीचं मूळ खोल जातं, पानं गळून रानातच पडतात.

गाळाबद्दल सगळेच विचारतात, म्हणून नीट सांगते. तलावाचा गाळ मुरमाडाला उपयोगी आहे, कारण मुरमात चिकण माती नसते आणि तीच पाणी धरते. पण हिशोब करून पाहा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक इंच थर द्यायचा तर साधारण ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) गाळ लागतो, तीन इंचाला १०९ ब्रास. एक ट्रॉली ब्रासभराची धरली तर एकराला शंभरावर खेपा. गाळ फुकट मिळाला तरी वाहतूक फुकट नसते. म्हणून एका वर्षी अर्धा एकर, फार तर एक, आणि तोही बांध घालून झाल्यावरच. बांधाआधी टाकलेला गाळ पहिल्याच सप्टेंबरात परत तलावाकडे निघतो. टाकण्याआधी तपासून घ्या. मूठभर ओला करून वळा. वळी धरली तर चांगला, वाळूसारखा सुटला तर त्याला हात लावू नका. खारवट वास किंवा पांढरी फुली दिसली तर प्रयोगशाळेत दिल्याशिवाय रानात नको. खालच्या काळीत तर गाळ घालूच नका, तिला निचऱ्याचा त्रास होईल.

माती परीक्षण या सगळ्याच्या आधी. काळीचा नमुना वेगळा, मुरमाडाचा वेगळा. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती तासायची. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळायचा. सगळी एकत्र मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत करायचं. अहवालात खतांच्या आकड्यांआधी सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत राहिलेला कार्बन) आणि चुनखडी पाहा. कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असला तर कमी समजतात.

हा कर्ब वाढवण्यावरच सगळ्यात जास्त फसवणूक होते. बाटलीभर द्रावणाने वर्षात कर्ब दुप्पट करू म्हणणारे दारात येतील. त्यांना एक गणित विचारा. एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे त्यात ९०० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. आणि आपल्या उन्हात रानात घातलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब कुजून हवेत जातो, म्हणजे घालावं लागतं त्याच्या कितीतरी पट. बाटलीतून ते येणार नाही, वर्षानुवर्षं घातलेल्या पाल्यातून आणि शेणातून येईल. किती वर्षं लागतात, हा तुमचा प्रश्न इथेच सुटतो. गढूळ पाणी कमी झालेलं पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात दिसेल. माथ्याचं गवत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ओल जास्त दिवस टिकते हे जाणवायला तीन-चार वर्षं. कर्बाचा आकडा हलायला त्याहून जास्त, आणि मधल्या एखाद्या दुष्काळी वर्षी सगळं थांबल्यासारखं वाटेल.

पाला आणायचा कुठून? आच्छादन करा, काहीच रानाबाहेर नेऊ नका, असे सल्ले तुम्ही ऐकले असतील. ज्या घरात कडब्यावर गाय जगते, तिथे कडबा रानात पसरा म्हणणं मला पटत नाही. कडबा गायीचाच. पण धसकटं जाळू नका, तुरीचा पालापाचोळा वेचू नका, आणि सगळ्या बांधांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. दीड-दोन वर्षांत ते छाटणीला येतं, पाल्यात नत्र चांगलं असतं आणि जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेण-मूत्र एका खड्ड्यात, सावलीत कुजवा. आणि आपल्या भागातली जुनी रीत सोडू नका: मेंढरं बसवा. सुगी झाल्यावर धनगरांचे वाडे गावाकडून जातात तेव्हा बोलून ठेवा, मुरमाडात पट्ट्या-पट्ट्यानं चार-आठ रात्री बसवा. धान्य किंवा रोख, जे ठरेल ते द्या. लेंडी आणि मूत थेट रानात पडतं, वाहतूक नाही, आणि मोकळ्या शेणखताच्या ट्रॉलीपेक्षा मला हा व्यवहार सरस वाटतो. फक्त माथ्याचं गवत त्या मेंढरांपासून जपा.

पैशांचं असं करा. ४ लाखांतले दीड लाख बाजूला ठेवा आणि एरवी त्यांना हात लावू देऊ नका. चाऱ्याला, आजारपणाला, पाऊस न झालेल्या वर्षाला ते लागतील, नाहीतर तेव्हा गाय विकावी लागते. बाकीचे तीन वर्षांत पसरून, आधी बांध-चर, मग गाळ, मग रोपं. शेळ्या दोन-चार वाढवल्या तर हातखर्च सुटेल, मात्र बांधून चारायच्या.

आणि आता जे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, ते. वाटणी झालेली नाही. तुम्ही पाच वर्षं राबून ते रान उभं केलंत आणि वाटणीत ते दिरांकडे गेलं, तर? त्यांच्या मनात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सुधारलेल्या जमिनीवर भावाभावांत वाद होतात आणि त्यात राबणाऱ्या सुनेला कुणी विचारत नाही. म्हणून एकटीनं करू नका असं सांगते. सासरे हिंडते-फिरते आहेत तोवर त्यांच्या समोर, नवरा सुट्टीला आला की, वाटणीचं बोलणं काढा. प्रत्येकाला काळी आणि मुरमाड दोन्ही यावी अशी वाटणी मागा.

यात दिरांचाही फायदा आहे, तो त्यांना दाखवा. ७ एकर म्हणजे २.८ हेक्टर. २ हेक्टरच्या आतल्याला अल्पभूधारक धरतात. आज सासऱ्यांच्या नावावर तुम्ही त्या मर्यादेबाहेर आहात. दोघा भावांत सारखी वाटणी झाली की प्रत्येकी साडेतीन एकर, म्हणजे १.४ हेक्टर, आणि दोन्ही भाऊ अल्पभूधारक. गाळ वाहतुकीचं अनुदान असो की स्वतःच्या शेतात रोजगार हमीतून करायची कामं, तिथे हे उपयोगी पडतं. नवऱ्याच्या नावावर सातबारा झाला की लक्ष्मी मुक्ती योजनेत पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय आहे. त्याबद्दल तलाठ्याकडे विचारा. हे मागताना संकोच वाटेल, तरी मागा. रानात राबते तिचं नाव कागदावर असलं पाहिजे, यात मला काही शंका वाटत नाही. वाटणी लगेच होत नसेल तर निदान इतकं लिहून घ्या की केलेल्या खर्चाचा आणि कामाचा विचार वाटणीत होईल. पंचांच्या सह्या असू द्या. ते होईपर्यंत काळीतले वाफे, माथ्याचं गवत, आडवी पेरणी, बांधावरचं गिरिपुष्प एवढंच करा. त्यात पैसा थोडा जातो.

कामाला माणसं बचत गटातून जोडा. तुमच्यासारखी मुरमाडं आणखी चार-पाच जणींची असणारच. सावड करा, आज तुमचा बांध, उद्या तिचा. सगळ्यांची रानं एकाच ओढ्याला उतरत असतील तर ग्रामसभेत एकत्र अर्ज द्या. एकटीच्या अर्जापेक्षा पाणलोटातल्या दहा जणींच्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांची जमीन खोल काळी आणि खाली चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारी, आहे, त्यांनी यातलं चर-बांधाचं जसंच्या तसं उचलू नये. तिथे आधी निचरा पाहावा लागतो. आणि माती खारवट की चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) हे परीक्षणाशिवाय ठरवून जिप्सम टाकू नये.

ताई, एक शेवटचं. पहिल्या वर्षी मुरमाडातला दहा-बारा फूट रुंदीचा एक पट्टा मुद्दाम जुन्या पद्धतीनंच ठेवा. उभी नांगरट, बांध नाही, पाला नाही. शेजारच्या पट्ट्यात तेच बी, त्याच दिवशी पेरा. दोन्हीकडे पावसानंतर आठव्या आणि पंधराव्या दिवशी खुरप्याने खणून ओल किती खोल आहे ते वहीत लिहा, काढणीला पायली मोजा. नवरा दिवाळीला येईल तेव्हा दोघा भावांना ती वही द्या आणि रानात घेऊन जा.